दारू सोडवायची गोळी: कोणाला कोणती?

‘आमच्या मालकांना कितीबी घेतली तरी चढत नाही,’ हे कौतुकाचं नाही. ज्याला मुळातच कमी चढते, त्याला पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त. पुरे झालं हे आतून कळतच नाही.

पिऊन पिऊन चढेनाशी होते, ती गोष्ट वेगळी. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाला दारू बळ देते, चेतवणाऱ्या ग्लुटामेट या रसायनाला दाबते. मेंदू मग उलट्या बाजूनं जोर लावतो. दारू थांबली तरी तो जोर उरतोच. सकाळच्या पाळीला मागावर तुटलेला धागा सांधताना बोटं कापतात, क्वार्टर पोटात गेली की थांबतात. अशा माणसाची दारू घरी एकदम तोडू नका. फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी दवाखाना, गोळीची निवड नंतर.

पहिल्या घोटानंतर ज्याला थांबता येत नाही, त्याच्यासाठी नाल्ट्रेक्सोन. पिण्यातली मजा एंडॉर्फिन या मेंदूतल्याच रसायनामुळे येते. ही गोळी त्याची जागाच अडवते. सहसा रोज 50 मिलिग्रॅमची एकच गोळी, आणि पिणं पूर्ण थांबायच्या आधीही सुरू करता येते. मात्र लिव्हर फार बिघडलं असेल किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर नाही.

सोडलीय, पण झोप नाही, जीव थाऱ्यावर नाही, अशांना अकॅम्प्रोसेट बरी. तो बिघडलेला ग्लुटामेटचा तोल ती सावरते असं मानतात. लिव्हरवर भार नाही, किडनी मात्र ठीक हवी. अडचण एकच: 333 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. पाळ्या बदलणाऱ्या कामगाराकडून हे पाळलं जाईल? मला शंका आहे.

डायसल्फिराम सर्वांत जुनी, अमेरिकेत 1951 पासून. ती ओढ कमी करत नाही, धाक घालते: वर प्यायली तर दारूपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साठतं, मग तोंड लाल, उलट्या, छातीत धडधड. स्वतः तयार असलेल्या आणि रोज घरच्यांसमोर गोळी घेणाऱ्यालाच ती लागू पडते. ‘न सांगता भाजीत मिसळा’वाल्यांचं ऐकू नका. हृदयविकार असेल तर जिवावर बेतेल.

पिणं अजून चालू आहे आणि लिव्हर बरं आहे, तर मी आधी नाल्ट्रेक्सोनबद्दल विचारेन. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा किंवा खासगीत, लिव्हर आणि क्रिएटिनिनचे (किडनीच्या तपासणीचे) जुने रिपोर्ट असतील ते, आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.