युरो ट्रक सिम्युलेटर २ आणि अमेरिकन ट्रक सिम्युलेटर: नऊ महिने, ३४० तास आणि आण्णा

आधीच सांगते, ट्रक चालवायच्या या दोन्ही कॉम्प्युटर गेममध्ये चुका आहेत आणि त्या शोधाव्या लागत नाहीत, पहिल्या अर्ध्या तासातच कुणालाही दिसतात. तरी मी नऊ महिने आठवड्यातून चार रात्री खेळतेय, दोन्ही गेमचे मिळून ३४० तास झालेत आणि अजून कंटाळा आलेला नाही.

थोडं घरचं सांगते, त्याशिवाय माझं मत कुठून आलं ते कळणार नाही. मी कामोठ्याला राहते, महापेला सपोर्टमध्ये शिफ्टची नोकरी आहे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सव्वीस वर्षं ट्रेलर चालवला, न्हावाशेवा बंदर ते कळंबोली, तळोजा, भिवंडी, कधी चाकण, कधी पार इंदूर. मणक्याच्या त्रासामुळे आता तीन वर्षं घरी आहेत. लहानपणी दादाला त्यांनी एकदा मे महिन्याच्या सुट्टीत घोड्यात बसवून बंदरापर्यंत नेलं होतं (घोडा म्हणजे ट्रेलरचं पुढचं इंजिनवालं धूड, ज्यांच्या घरात ट्रेलर नाही त्यांच्यासाठी सांगते), मला कधी नेलं नाही. पोरीचं तिथं काय काम, एवढंच उत्तर. त्यामुळे आण्णांचं काम म्हणजे डिझेलचा वास असलेला शर्ट आणि पहाटे तीनला दाराच्या कडीचा आवाज, त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. सेलमध्ये हा गेम स्वस्तात दिसला आणि घेतला त्याचं खरं कारण हेच.

कंपनी चेक प्रजासत्ताकातली आहे, एससीएस सॉफ्टवेअर, ऑफिस प्रागला. २००२ पासून ही मंडळी ट्रकचे गेम बनवतायत, आधी 'एटीन व्हील्स ऑफ स्टील' नावाची सिरीज होती, त्यातला 'हॉलिन' आमच्याकडे सायबर कॅफेत पोरं खेळायची ते मला आठवतंय. मग २००८ ला पहिला युरो ट्रक, २०१२ ला दुसरा, २०१६ ला अमेरिकन. गंमत म्हणजे २०१२ चाच गेम अजून चालू आहे, तिसरा भाग न काढता त्यालाच नवीन देश, नवीन ट्रक, नवीन लायटिंग जोडत गेलेत. याचा फायदा असा की माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण चालतो. तोटा असा की नकाशाचा काही भाग एकदम झकास आणि काही भाग जुनाट, एका देशाची हद्द ओलांडली की झाडं सुद्धा दहा वर्षं मागे गेल्यासारखी दिसतात. जर्मनीचे रस्ते त्यांनी टप्प्याटप्प्याने नव्याने बनवले, तिथे फरक लगेच कळतो.

आता सगळ्यात मोठी खोट, ती म्हणजे स्केल. युरो ट्रकचा नकाशा साधारण १:१९ आहे, म्हणजे खऱ्या १९ किलोमीटरला गेममध्ये एकच किलोमीटर. बोर्डावर आणि जीपीएसवर अंतर खरं दाखवतात पण रस्ता आकसलेला, आणि घड्याळ त्याच हिशोबाने पळतं. हे आण्णांना समजावताना मी हिशोब करून दाखवला की आपला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे साधारण ९४ किलोमीटरचा, तो या गेममध्ये पाच किलोमीटरचा होईल, कळंबोली सोडली की गाणं संपायच्या आत घाट आणि दुसरं गाणं लागेपर्यंत देहूरोड. आण्णा म्हणाले, "मग खोपोलीला चहा कधी प्यायचा?" आणि खरंच हाच प्रॉब्लेम आहे. बाराशे किलोमीटरची ट्रिप तासाभराच्या आत संपते, मोठमोठी शहरं म्हणजे दोन-चार चौक, एखादी ओळखीची इमारत आणि पाच-सहा गोडाऊन. युरोप बघायला मिळेल म्हणून कुणी घेत असेल तर ती अपेक्षा ठेवू नका.

पण झालं असं की साधारण दुसऱ्या महिन्यात मला ते खटकायचं बंद झालं, कारण अंतर जरी खोटं असलं तरी तासाभराचं गाडी चालवणं खरं असतं. तासभर एकाच लेनमध्ये ८०-८५ वर, बाहेर अंधार, वायपर चालू, कुणी बोलत नाही, फक्त इंजिन. शिफ्ट संपवून आल्यावर दिवसभर हेडफोनवर लोकांचा आरडाओरडा ऐकलेल्या डोक्याला हे काय वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही. आवाजाचं कौतुक वेगळं करायला हवं, २०२० मध्ये त्यांनी साउंडची सिस्टिमच बदलली, तेव्हापासून चढावर लोड पडला की इंजिन जसं गुरगुरतं, काच खाली केली की वारा आणि टायरचा आवाज जसा आत येतो, ते हेडफोन लावून ऐकाच.

दुसरी खोट ट्रॅफिक. इतर गाड्या चालवणारा कॉम्प्युटर अडाणी आहे, हायवेवर मर्ज होताना मध्येच ब्रेक मारतो, सर्कलला उगाच उभा राहतो, आणि सगळ्यात चीड आणणारं म्हणजे मागून येऊन त्याने तुम्हाला ठोकलं तरी बरेचदा दंड तुमच्याच खात्यातून कापला जातो. पोलीस थांबवत नाहीत, बोलत नाहीत, कोपऱ्यात एक मेसेज येतो आणि पैसे गेले. सिग्नल तोडला तरी तेच. गेममध्ये माणसं जवळपास नाहीतच, दिसली तरी रस्त्यात येत नाहीत, कुत्रं आडवं येत नाही, राँग साइडने बाईक येत नाही. सायन-पनवेल हायवेवर ज्याने आठवडाभर जरी स्कूटी चालवली असेल त्याला हे रस्ते रिकामे वाटणार. टायर झिजतात पण फुटत नाहीत, हे आण्णांनी तिसऱ्याच दिवशी पकडलं. "ह्यो टायर कधीच बसत न्हाय व्हय? मग ह्यात ड्रायव्हरचं काय काम?"

तिसरी गोष्ट पैसा. सुरुवातीला दुसऱ्यांच्या ट्रकवर भाडी मारायची, मग बँकेचं कर्ज काढून स्वतःचा घोडा, मग गॅरेज, मग ड्रायव्हर ठेवायचे. हा पहिला वीस-तीस तासांचा टप्पा फार छान आहे, कर्जाचा हप्ता रोज कापला जातो म्हणून उशिरा पोचायची खरी भीती वाटते. नंतर ठेवलेले ड्रायव्हर इतके पैसे आणतात की पैशाला काही अर्थच उरत नाही. आणि ते ड्रायव्हर म्हणजे एक फोटो, एक नाव आणि आकडा, त्यांना घर नाही, आजार नाही, उचल नाही. माझ्याकडे आता ११ ड्रायव्हर आहेत आणि मी त्यांचा टॅब उघडतच नाही, मला ते बघवत नाही.

एवढं सगळं असून काय बरोबर आहे ते आता सांगते, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय.

रिव्हर्स. माल पोचवल्यावर गेम विचारतो की ट्रेलर लावायचा कसा, सोडून द्यायचा, सोप्या जागेत लावायचा की अवघड. मी पहिला महिनाभर सोडूनच देत होते. मग सेकंडहँड स्टीअरिंग घेतलं, लॉजिटेकचं जी२९, नऊशे डिग्री फिरतं आणि तीन पेडल आहेत, आणि ठरवलं की आता अवघडच. चाळीस मिनिटं एका डॉकवर (गोडाऊनला ट्रेलर लावायची जागा) घालवली. स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं, आणि ते जायला लागलं की लगेच स्टीअरिंग परत घेऊन त्याच्या मागे घोडा न्यायचा असतो, नाहीतर कोपरात दुमडल्यासारखा होतो. आण्णा मागे पलंगावर पडून बघत होते, तोपर्यंत ते या गेमला 'तुझं ते कार्टून' म्हणायचे. ते उठून बसले आणि म्हणाले, "पोरी, तू घोड्याकडं बघतीयास. घोड्याकडं बघू नगं, ट्रेलरच्या मागल्या चाकाकडं बघ. ते कुठं चाललंय तेवढंच बघायचं." मी एफ२ दाबून दोन्ही आरसे स्क्रीनवर घेतले, मागलं चाक धरलं, आणि लागला. तिरका लागला, पण लागला.

सव्वीस वर्षांत त्यांनी त्यांच्या कामाबद्दल मला सांगितलेली ही पहिली गोष्ट होती.

त्यानंतर रविवारी ते शेजारी खुर्ची घेऊन बसतात. मी सुरुवात ब्रिटनमधून केली कारण तिथे आपल्यासारखं डावीकडून चालवतात, ट्रकचं स्टीअरिंग पण उजवीकडे घेता येतं, नवीन माणसाने हेच करावं असं मी सांगेन. डोव्हरला फेरीबोटीत चढलो आणि फ्रान्समधल्या कॅलेला उतरलो तेव्हा सगळा रस्ता उलटा, माझ्या तोंडाला फेस आला, आण्णा मात्र शांतपणे "उजवी धर, उजवी धर" म्हणत होते जणू रोजचंच आहे. त्यांना रॉटरडॅम बंदर बघायचं होतं. का, तर त्यांनी ज्या डब्यांचे (म्हणजे कंटेनरचे) कागद वर्षानुवर्षं खिशात घेऊन फिरवले त्यावर हे नाव सारखं असायचं, डबा बंदरात सोडला की पुढे तो कुठे जातो हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. गेममधलं रॉटरडॅम तसं छोटंसंच आहे, चार क्रेन आणि कंटेनरच्या रांगा. मी सांगितलं की खरं बंदर युरोपातलं सगळ्यात मोठं आहे, हे त्याच्या मानाने काहीच नाही. ते तरी पाच मिनिटं नुसते बघत राहिले, मग म्हणाले की क्रेनखाली गाडी अशी सरळ कुणी घुसू देत नाही, आधी रांग लागते. एका यार्डाबाहेर ते एकदा दोन रात्री रांगेत होते हे मला त्या दिवशी कळलं. त्या दोन रात्री बहुतेक माझी चौथीची परीक्षा होती.

झोपेचं पण असंच. गेममध्ये जास्त वेळ चालवलं की ड्रायव्हर जांभया देतो, स्क्रीन मिटायला लागते, मग पार्किंग गाठून झोपावं लागतं. पुष्कळ लोक हा ऑप्शन बंद करतात, त्रास होतो म्हणून. मी चालूच ठेवते. युरोपात खऱ्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, कायदाच आहे, आणि ट्रक ताशी ९० च्या वर जाऊ नये म्हणून लिमिटर असतो. हे वाचून दाखवलं तेव्हा आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फक्त विचारलं, "आन त्या पाऊण तासाचे पैसे?"

अमेरिकनबद्दल थोडक्यात. २०१६ ला आला तेव्हा कॅलिफोर्निया, नेवाडा आणि दोनच ट्रक होते, आता बरीच राज्यं झालीत पण जवळपास प्रत्येकाचे वेगळे पैसे. रस्ते सुंदर, वाळवंटातली संध्याकाळ अप्रतिम, लांब नाकाचे ट्रक बघून आण्णांना जुन्या नाकवाल्या टाटा आठवल्या. पण मला तिथे करमत नाही, रस्ते फार सरळ आहेत. ३४० पैकी जेमतेम ६० तास तिकडचे असतील.

डीएलसीचा, म्हणजे मूळ गेमला जोडायला वेगळे विकत घ्यायच्या भागांचा, खर्च हा खरा मुद्दा आहे. एकदम सगळं घ्यायला गेलात तर मूळ गेमच्या कितीतरी पट पैसे जातात आणि ते मला पटत नाही. माझ्याकडे तीनच नकाशे आहेत. स्कँडिनेव्हिया (२०१५) आधी घ्या, नॉर्वेतले बोगदे आणि उतार यासाठीच. तिथल्या उतारावर २० टनांचा माल घेऊन मी ब्रेकवर पाय ठेवून उतरत होते तेव्हा आण्णांनी मांडीवर चापट मारली, "बोरघाटात असं उतरली असतीस तर ब्रेक राहिले असते का? गिअरमध्ये उतरव." तेव्हापासून रिटार्डर (ब्रेक न घासता वेग आवरणारी यंत्रणा) आणि गिअर, ब्रेक फक्त शेवटी. इबेरिया (२०२१) दुसरा, तो बनवताना त्यांचा हात चांगलाच बसलेला होता, स्पेनमधली ऊन पडलेली गावं बघून उन्हाळ्यातला घाटावरचा देश आठवतो. तिसरा इटालिया, तो ठीक.

मॉडबद्दल (खेळणाऱ्यांनीच गेमसाठी बनवलेले बदल) एकच सूचना, गेमचा अपडेट आला की जुने मॉड मोडतात. मी बारा-तेरा मॉड एकदम टाकले होते, अपडेटनंतर माझा सेव्ह उघडेना, दीड महिन्याचं प्रोफाइल गेलं. आता अपडेटच्या आधी सेव्हचा फोल्डर कॉपी करून ठेवते, तुम्हीही ठेवा.

सेटिंगमध्ये ट्रेलर स्टॅबिलिटी कमी करा, नाहीतर माल आहे की नाही तेच कळत नाही. एअर ब्रेकचं सिम्युलेशन चालू करा. रस्ते फार रिकामे वाटले तर कन्सोलमधून (गेममधली कमांड टाइप करायची खिडकी) ट्रॅफिक वाढवता येतं, मी ठेवते तीनवर, त्याच्या वर माझा लॅपटॉप दमतो.

स्टीअरिंगला आण्णा इतके महिने हात लावत नव्हते, पाठ दुखते म्हणायचे. मागच्या रविवारी ब्रिटनमधल्या फेलिक्स्टोला, तेही कंटेनरचंच बंदर, डॉक इतका अडचणीचा होता की मला तीनदा पुढे घेऊनही जमेना. त्यांनी खुर्ची ओढली, पाठीमागे उशी लावायला सांगितली, आणि एकदा पुढे, एकदा मागे, बस्स. मी एंटर दाबायला हात पुढे केला तर म्हणाले, "थांब, उतरून मागं बघून येऊ दे." या गेममध्ये गोडाऊनला गाडी लावून खाली उतरून मागे फेरी मारायची सोय नाही. मी कॅमेरा बाहेर काढून ट्रेलरच्या भोवती हळूहळू फिरवला, डाव्या बाजूने, मागून, उजव्या बाजूने, त्यांनी लॉक बघितले, टायर बघितले, आणि मग मान हलवली.