तीन पदरी हवाबंद पोते : आठ महिन्यांच्या वापरानंतर

धान्य साठवण्याचे हे पोते दिसायला साधेच आहे. बाहेरून विणलेले प्लॅस्टिकचे पोते आणि आत जाड पॉलिथिनच्या, एकात एक बसणाऱ्या दोन पिशव्या. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळी टिकवण्यासाठी ही पद्धत विकसित केली. तीत औषध लागत नाही. प्रत्येक पिशवीचे तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधले की धान्यातले किडेच आतला प्राणवायू वापरून टाकतात आणि तो पुरेसा घटला की त्यांचे खाणे व वीण थांबते.

आठ महिन्यांनी पहिले पोते सोडले तेव्हा दाणे भरताना होते तसेच निघाले. त्याच दिवशी भरलेल्या साध्या पोत्यात हात घातला, तर बोटांना पिठी लागली आणि सोंडे मनगटापर्यंत चढले. दुसऱ्या पोत्याने मात्र निराशा केली, कारण आतल्या पिशवीचा तळाचा जोड सुटलेला होता आणि विक्रेत्याने ते बदलून देण्यास साफ नकार दिला. भरण्यापूर्वी पिशवीत हवा कोंडून, दाबून पाहायला हवे होते; तो आळस माझाच.

ओलसर धान्याला हे पोते वाचवू शकत नाही, उलट आत बुरशी धरते. कोरड्या बाटलीत कोरडे मीठ आणि थोडे धान्य घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य आणखी वाळवावे. उंदरांपुढेही पोत्याचा इलाज चालत नाही, आणि रोज उघडायचे असेल तर हवाबंदपणाला अर्थच उरत नाही.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार काढणीनंतर किरकोळ बाजारात पोहोचण्यापूर्वीच जगातले सुमारे १४ टक्के अन्न वाया जाते. अन्नसुरक्षेची राष्ट्रीय धोरणे बहुधा मोठ्या गोदामांभोवती फिरतात आणि ती गोदामे हवीतच. परंतु पाऊस लांबला, रस्ते तुटले किंवा आयात अडली, तर पहिले काही आठवडे निभावतात ते घरोघरी टिकलेल्या धान्यावर. शिवाय किडीची धास्ती नसलेला शेतकरी सुगीतच पडत्या भावाने माल काढत नाही, त्यामुळे देशाचा साठा एकाच ठिकाणी न राहता विखुरलेला राहतो. पुढच्या हंगामात मी आणखी चार पोती घेणार आहे, मात्र समोर फुगवून पाहू देणाऱ्या विक्रेत्याकडूनच.