झ्वेझ्दाचा १:१०० माटिल्डा: जोडायला दहा मिनिटं, रंगवायला दोन संध्याकाळी

पश्चिम वाळवंटातल्या (इजिप्त-लिबिया) १९४०-४१ च्या लढाया टेबलावर १५ मिमीत, म्हणजे साधारण १:१०० प्रमाणातल्या छोट्या मॉडेलांनी, खेळायच्या तर माटिल्डा २ या ब्रिटिश रणगाड्याशिवाय भागत नाही. झ्वेझ्दा या रशियन मॉडेल कंपनीचं हे छोटं खोकं त्यासाठी पुरेसं आहे. खोक्यात एकच रणगाडा मिळतो. पायदळाला साथ देणाऱ्या ब्रिटिश ट्रूपमध्ये (छोट्या तुकडीत) तीन रणगाडे असत, म्हणून खोकीही तीन घ्यावीत. खरा माटिल्डा ५.६१ मीटर लांब होता, त्या हिशोबाने मॉडेल साडेपाच सेंटिमीटरहून जरासं मोठं भरतं.

सुटे भाग मोजकेच आहेत आणि गोंदाशिवाय खटकन बसतील असे बनवले आहेत. तरीही गोंद लावाच. खुंट्या भोकांत घट्ट जातात आणि जोर लावला की पांढऱ्या पडून वाकतात. मग बाजू आणि सांगाडा यांच्यात केसाएवढी फट राहते, आणि वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) दिल्यावर नेमकी तीच काळी रेघ होऊन उठून दिसते. प्रत्येक खुंटी पात्याने जराशी कापून आखूड करा, पातळ प्लास्टिक सिमेंटचा एक थेंब सोडा आणि भाग मिनिटभर दाबून धरा. सांगाडा बंद करण्याआधी आत एक लोखंडी वॉशर चिकटवा. मॉडेलला वजन येतं, आणि चुंबक लावलेल्या पेटीत ते हलत नाही. टरेटला (तोफेच्या बुरुजाला) मात्र गोंद नको, तो फिरायला हवा.

तोफ जाड दिसते ही तक्रार खरी आहे, पण कारणही तसंच आहे. माटिल्डाच्या ‘दोन पाउंडर’ तोफेच्या नळीचा आतला व्यास ४० मिमी, म्हणजे १:१०० मध्ये तोंडाचं छिद्र जेमतेम ०.४ मिमी. नळी त्या बेताने बारीक केली असती तर पहिल्याच डावात बोट लागून मोडली असती. स्प्रूपासून (भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीपासून) नळी सोडवताना एका झटक्यात कापू नका. आधी लांबून एक काप द्या, मग जवळून दुसरा. अँटेना नाही, झाडूचा नायलॉनचा केस तीन सेंटिमीटर कापून लावला तर काम होतं आणि बोटाला टोचतही नाही. डिकालही (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. खोक्यातली उणीव म्हणावी अशी हीच.

माटिल्डाची खरी सोय म्हणजे त्याच्या बाजूंचे चिलखती पत्रे. चाकं जवळजवळ झाकलेली असल्याने तिथली किचकट रंगरंगोटी टळते. पण त्याच सपाट बाजूंवर कॉन्टर छलावरण येतं, आणि या मॉडेलची खरी परीक्षा तिथे होते. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही योजना सरळ कडांची, तिरक्या पट्ट्यांची आहे. हलका दगडी, रुपेरी करडा आणि स्लेट असे तीन रंग. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममधल्या माटिल्डावर निळसर पट्टे दिसतात, आणि ते पाहून कित्येकांनी आपले रणगाडे आकाशी करून टाकले. रुपेरी करडा प्रत्यक्षात हिरवट झाकेचा होता.

व्हालेजोच्या रंगांत हे असं जमतं: पायाला इराकी सँड (७०.८१९), रुपेरी करड्यासाठी दोन थेंब पेस्टल ग्रीन (७०.८८५) आणि एक थेंब लाइट ग्रे (७०.९९०), स्लेटसाठी चार थेंब जर्मन फील्डग्रे (७०.८३०) आणि एक थेंब पेस्टल ग्रीन. गडद रंग छोट्या मॉडेलवर आणखी गडद दिसतो, म्हणून तो थोडा फिका करायचा. क्रम फिक्याकडून गडदाकडे ठेवा. प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा स्प्रे) २० ते २५ सेंटिमीटरवरून मारा. उन्हाळ्यात लांबून मारलात तर तो हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

मास्किंग टेप या आकारात फारशी साथ देत नाही. चिखल सांडण्याच्या फटींवर तो टेकत नाही आणि रंग आत झिरपतो. टेप वापरायचाच तर त्याच्या कडेवर आधी पायाचाच रंग फिरवा. झिरपायचं ते त्याच रंगात झिरपेल. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पेन्सिलने रेघ आखून शून्य नंबरच्या ब्रशने हाताने भरणं. कड थोडी चुकली तर पायाच्या रंगाने परत कापून घेता येते.

स्ट्राँग टोन वॉश सगळीकडे ओतू नका. सपाट बाजूवर त्याचे डाग बसतात आणि फिका दगडी रंग चहा सांडल्यासारखा दिसतो. सांधे, रिव्हेट आणि जाळी, एवढ्यापुरताच द्या. वर बफचा (७०.९७६) हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवलेला रंग. ऑपरेशन क्रुसेडर, म्हणजे नोव्हेंबर १९४१, खेळणार असाल तर पांढरा-लाल-पांढरा ओळखपट्टा उभा काढा. ऑक्टोबर १९४२ च्या अल अलामेनच्या टेबलावर मात्र हा तोफवाला माटिल्डा शोभणार नाही. तिथे तो सुरुंग फोडणाऱ्या स्कॉर्पियनच्या रूपात होता.

शेवटी मॅट वार्निश. पावसाळी दमट हवेत स्प्रे मारू नका, पांढरा धुरकट थर बसतो. ब्रशने लावायचं वार्निश तेव्हा बरं. धुळीची पूड त्यानंतरच आणि फक्त खालच्या भागात, कारण वार्निशखाली ती जवळजवळ नाहीशी होते.