मर्क्युरी ११५ कमांड थ्रस्ट: बावीस फुटी पोंटूनला पुरेसे इंजिन

मिनेसोटातील मिनेटोंका तलावावर आम्ही जी बावीस फुटी, दोन नळ्यांची पोंटून बोट (तरंगत्या पोकळ नळ्यांवर सपाट डेक असलेली बोट) वापरतो, तिला मर्क्युरी कंपनीचे ११५ अश्वशक्तीचे कमांड थ्रस्ट आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन, बसवलेले आहे. या मापाच्या बोटीला ९० घ्यावे की ११५, असा प्रश्न असेल तर माझे उत्तर ११५ असेच आहे. मर्क्युरीची ही दोन्ही फोर-स्ट्रोक इंजिने चार सिलिंडरांची, एकूण २.१ लिटर क्षमतेची असून वजनालाही सारखीच आहेत. त्यामुळे जादा ताकद घेतली तरी बोटीच्या मागच्या बाजूवर जादा भार येत नाही, जादा लागतात ते पैसे.

कमांड थ्रस्टचा गिअर २.३८ प्रमाणाचा आहे, म्हणजे प्रोपेलरच्या एका फेऱ्यामागे इंजिन २.३८ फेरे घेते; साध्या ११५ चे हे प्रमाण २.०७ आहे. परिणामी प्रोपेलर सावकाश फिरतो, मोठ्या व्यासाचा बसवता येतो आणि पाण्यावर त्याची पकड घट्ट राहते. पोंटूनचा पाण्याखालचा भाग उथळ आणि वरचे कठडे उंच असल्याने आडवा वारा तिला सहज लोटत नेतो. अशा वेळी बोट धक्क्याला लावताना रिव्हर्समध्ये मिळणारा ठाम प्रतिसाद मला कमाल वेगापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

विक्रेते सांगतात तो वेग बहुधा दोन माणसे बसवून मोजलेला असतो. ताकदीची खरी पारख मात्र पाहुणे, बर्फाची पेटी आणि भरलेली टाकी घेऊन निघाल्यावरच होते. पूर्ण थ्रॉटलवर या इंजिनाने मिनिटाला ५००० ते ६००० फेरे घेतले पाहिजेत. आमच्या बोटीत दहा जण बसले की काटा ४७०० वरच अडकत असे. दोन इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर जेवढे पुढे सरकू शकतो ते अंतर) प्रोपेलर लावल्यावर तो ५१०० पर्यंत गेला आणि बोट जडपणे पाणी रेटत जाण्याऐवजी मोकळी धावू लागली. इंजिन अपुरे आहे असे ठरवण्यापूर्वी प्रोपेलर बदलून पाहावा, हा माझा आग्रह आहे.

निवांत फेरफटका, मासेमारी आणि मुलांना ट्यूबवर ओढणे यासाठी हे इंजिन उत्तम आहे. मोठ्या माणसांना वॉटर स्कीवर नियमित ओढायचे असेल, तर तीन नळ्यांची बोट आणि किमान १५० अश्वशक्ती घ्यावी. दोन नळ्यांच्या बोटीवर तेवढी ताकद बरीचशी वाया जाते. कोणतेही इंजिन निवडताना बोटीच्या क्षमता-पाटीवर लिहिलेली कमाल अश्वशक्ती ओलांडू नये.