जाहिरातींवर चालणारा फुकट शूटर : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मोबाइलवरच्या ज्या ऑनलाइन शूटरविषयी, म्हणजे बंदुकीने नेमबाजी करायच्या खेळाविषयी, मी लिहितो आहे, त्याचे नाव मुद्दामच घेत नाही. पाच विरुद्ध पाच खेळाडू, चार मिनिटांत निकाल, उतरवून घ्यायला एक पैसाही नाही आणि सगळा खर्च जाहिरातींतून काढायचा, अशा साच्याचे डझनावारी खेळ ॲप स्टोअरवर आहेत आणि मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांना लागू पडते. गेले सात-आठ महिने हा खेळ माझ्या फोनवर आहे. बहुतेक रात्री जेवणे आटोपली की मी, माझा अकरावीतला पुतण्या आणि त्याचे दोन मित्र असा आमचा संघ जमतो. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की जाहिराती आहेत म्हणून हा खेळ बिघडत नाही. जाहिरातींना जागा करून देण्यासाठी खेळाची जी मोडतोड केली जाते, तिने तो बिघडतो.

आधी खेळाविषयी सांगतो, कारण मुळात तोच टाकाऊ असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. बंदुकांचे रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बसणारा झटका, ठरलेले आहे. सलग गोळ्या झाडताना नेम कुठे सरकतो याचा हाताला हळूहळू अंदाज येतो आणि केलेला सराव वाया जात नाही. नकाशे मोजकेच आहेत, पण त्यांतला गोदामाचा नकाशा उत्तम जमला आहे. तिथल्या वरच्या लोखंडी पुलावरून खालच्या दोन्ही दारांवर लक्ष ठेवता येते, मात्र पुलावर जाणारा जिना एकच असल्यामुळे वर चढून दुरून नेम धरणारा स्नायपर फार वेळ सुखाने बसू शकत नाही. सर्व्हर मुंबईचा मिळाला तर पिंग, म्हणजे फोनचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, पन्नास मिलिसेकंदांच्या आत राहते. गर्दीच्या वेळी सिंगापूरला टाकले की ते शंभराच्या आसपास जाते आणि आपण भिंतीआड पोचल्यानंतरही गोळी लागल्याचे दिसते. फुकटच्या खेळाकडून याहून अधिक अपेक्षा मी ठेवली नव्हती.

जाहिराती तीन ठिकाणी येतात आणि या तिन्हींविषयी खेळणाऱ्यांची भावना सारखी नाही. पहिली जागा नकाशातल्या भिंतींवरच्या फलकांची. या फलकांविषयी आमच्या संघात आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. उलट त्यांचा उपयोगच होतो. ‘काका, कोल्ड्रिंकच्या बोर्डाखाली एक जण बसलाय,’ असे पुतण्या हेडफोनमधून सांगतो तेव्हा नेम कुठे धरायचा ते मला तत्काळ कळते. दुसरी जागा सामना संपल्यानंतरची, आणि सगळा राग आहे तो तिच्यावर. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेलगत लावलेले फलक कुणाला खुपत नाहीत, पण षटकाचा शेवटचा चेंडू पुरता खेळून होण्याआधीच वाहिनीने जाहिरात लावली की घरात आरडाओरडा होतो; इथेही नेमके तेच घडते.

सामना संपतो, कुणी किती जणांना मारले हे दाखवणारा तक्ता पडद्यावर उमटू लागतो आणि तो वाचून होण्याआधीच व्हिडिओ सुरू होतो. खेळाचा आवाज कमी ठेवलेला असला तरी जाहिरातीचा आवाज तिच्या मनाप्रमाणे असतो, त्यामुळे हेडफोन लावून बसलेला माणूस दचकतो. उजव्या कोपऱ्यात उलटी मोजणी चालू असते आणि ती संपल्यावर एक फुली येते. ती दाबली की व्हिडिओ बंद होऊन ‘इन्स्टॉल करा’ असे मोठे बटण असलेले दुसरेच पान उघडते, आणि त्या पानाची फुली डाव्या कोपऱ्यात, राखाडी रंगावर राखाडी रंगाची आणि नखाएवढीही नसलेली अशी असते. बोट किंचित चुकले की ॲप स्टोअर उघडते, खेळ मागे पडतो आणि चार जीबी रॅमच्या फोनवर तो परत येताना पहिल्यापासून लोड होऊ लागतो. तोवर लॉबी, म्हणजे पुढच्या सामन्यासाठी जमलेली मंडळी, पुढे निघून गेलेली असते.

एकट्याने खेळताना हा त्रास सोसता येतो. संघ करून खेळताना त्याचा वेगळाच उपद्रव होतो. चौघांना चार निरनिराळ्या लांबीच्या जाहिराती मिळतात. कुणाची पाच सेकंदांत सुटका होते, तर कुणाला तीस सेकंद बसावे लागते. पुतण्याच्या एका मित्राचा फोन जुना असल्यामुळे त्याची जाहिरात लोड व्हायलाच वेळ लागतो आणि रोज सगळे त्याच्यासाठी थांबतात. ‘ॲड चालू आहे, थांबा रे’ हे आमच्या संघात सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य आहे. नेट बंद केले की जाहिरात येत नाही, ही एकट्याने खेळायच्या खेळांतली सर्वज्ञात युक्ती ऑनलाइन सामन्यात अर्थातच चालत नाही.

असे रागलोभ नवे नाहीत. २००६ साली आलेल्या बॅटलफील्ड २१४२ या खेळात नकाशांतल्या फलकांवर खऱ्या कंपन्यांच्या जाहिराती दाखवण्याची सोय होती आणि तशी सूचना देणारी एक चिठ्ठी खोक्यात घातलेली होती. पूर्ण किंमत मोजल्यावर जाहिराती कशासाठी, आणि त्यासाठी आमच्या संगणकाची माहिती का गोळा करायची, असा गदारोळ तेव्हा खेळाडूंनी केला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह या कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक १.६ या शूटरमध्ये जाहिराती आणल्या तेव्हाही सूर हाच होता. (आम्ही सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन जो १.६ खेळत होतो, त्या प्रतींचा व्हॉल्व्हशी काही व्यवहार झाला असेल असे वाटत नाही. त्या जाहिराती आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत.) खेळ फुकट असेल तर मात्र हीच मंडळी बरीच समजूतदार होतात, असे पुढे दिसून आले.

आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने फेब्रुवारी २००९ मध्ये क्वेक लाइव्ह हा शूटर सर्वांना खुला केला. १९९९ चा क्वेक ३ अरीना ब्राउझरमधून, एक पैसा न देता खेळायला मिळत होता आणि त्याच्या बदल्यात रिंगणाच्या भिंतींवर जाहिराती होत्या. खेळाडूंनी त्या फारशा मनावर घेतल्या नाहीत. रॉकेट चुकवत उड्या मारणाऱ्या माणसाला भिंतीवर काय लिहिले आहे ते वाचायला फुरसत कुठली? पण माझ्या मते जाहिरातदारांची अडचणही तीच होती. ऑगस्ट २०१० मध्ये खेळाला मासिक वर्गणीचे पर्याय जोडावे लागले आणि २०१५ साली तो फुकट राहिलाच नाही, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात दहा डॉलरला विकायला आला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००८ च्या जानेवारीत जाहीर केलेला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये आलेला बॅटलफील्ड हिरोजसुद्धा जाहिराती आणि खेळातल्या छोट्या-मोठ्या वस्तूंच्या विक्रीच्या भरवशावर फुकट ठेवलेला होता, आणि सामना चालू असताना जाहिराती येणार नाहीत असे त्यात आधीच स्पष्ट केलेले होते. वर्षअखेरीस किमतींची अशी काही फेरमांडणी झाली की चांगली शस्त्रे नुसते खेळून टिकवणे जड जाऊ लागले. फुकट खेळणाऱ्यांनी त्यावर जी ओरड केली, तिची आठवण अजून काढली जाते. जुलै २०१५ मध्ये तो खेळ बंदच झाला.

यातून मला जे दिसते ते असे, की खेळाडूंना जी जाहिरात चालते तिच्यातून खर्च भागत नाही, आणि जिच्यातून खर्च भागतो ती खेळाडूंना चालत नाही. भिंतीवरच्या फलकापेक्षा पूर्ण पडद्याचा व्हिडिओ महाग विकला जातो आणि आपण होऊन पाहिलेला व्हिडिओ त्याहूनही महाग. त्यातच भारतातल्या प्रेक्षकासाठी जाहिरातदार मोजतो ते पैसे अमेरिकेतल्या प्रेक्षकाच्या मानाने फारच कमी असतात. तेवढीच मिळकत हवी असेल तर इथल्या खेळाडूला जास्त जाहिराती दाखवाव्या लागतात. आपल्याकडचे खेळाडू जास्त कुरकुर करतात असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही पाहावा.

आपण होऊन पाहायची जाहिरात ही तिसरी जागा, आणि माझा खरा आक्षेप तिला आहे. पुढच्या सामन्याआधी पडद्यावर प्रश्न येतो : जाहिरात पाहून चिलखत घ्यायचे का? चिलखत घातलेल्याला मारायला दोन गोळ्या जास्त लागतात. ऐकायला दोन गोळ्या म्हणजे काहीच नाही, पण समोरासमोरच्या झटापटीत जिंकणारा आणि हरणारा यांच्यात एवढेच अंतर असते. आता समोरच्याने मला नेम चांगला म्हणून मारले की तीस सेकंद व्हिडिओ पाहिला म्हणून मारले, हे मला कळायला मार्ग नाही, आणि शूटर खेळातली हार पचते ती केवळ समोरचा आपल्यापेक्षा चांगला खेळला या खात्रीवर. ही खात्री गेली की रँकच्या तक्त्याला अर्थ उरत नाही.

पुतण्याला हे पटत नाही. त्याचे म्हणणे असे की स्किन (पात्रांचे पोशाख, रंगरूप) आणि बंदुका पैसे देऊन विकत घेणाऱ्यांपुढे आमच्यासारख्यांनी काय करायचे? ‘पैसे नाहीत, तर वेळ देतो. निदान सगळ्यांना एकच भाव आहे,’ असे तो म्हणतो आणि त्याच्या वयाच्या बहुतेक मुलांचे मत मला असेच दिसले. पॉकेटमनीवर चालणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिले तर त्यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. फक्त सगळ्यांना एकच भाव आहे हे खरे नाही, कारण जाहिरात उपलब्ध असणे हेच मुळी नशिबावर असते. कित्येकदा ‘सध्या जाहिरात उपलब्ध नाही’ असा संदेश येतो आणि आपण बिनचिलखताचे मैदानात उतरतो.

याहून खोल परिणाम मला अपडेटनंतर जाणवू लागला. मी सुरुवात केली तेव्हा सामना सहा मिनिटांचा होता. मध्यंतरीच्या एका अपडेटमध्ये तो चार मिनिटांचा झाला. सामना रंगात येण्याच्या सुमाराला तो संपतो, आणि सामना संपला की जाहिरात येते. हे जाहिरातींसाठीच केले, असे कंपनीने कुठे म्हटलेले नाही. पण तासाभराच्या खेळात सामने वाढले म्हणजे जाहिरातींच्या जागाही वाढल्या, हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. दुसरे लक्षण बॉटचे, म्हणजे माणसाऐवजी संगणक चालवतो त्या खेळाडूंचे. लागोपाठ दोन सामने हरलो की तिसऱ्या वेळी समोर असे खेळाडू येतात, जे कधी उडी मारत नाहीत, दारातून एकामागोमाग एक सरळ चालत येतात आणि ज्यांचे पिंग पूर्ण सामनाभर एका आकड्यावर स्थिर राहते. मग आम्ही दणदणीत जिंकतो आणि मुले खूश होऊन आणखी एक सामना लावतात. मला त्या विजयाची लाज वाटते, त्यांना वाटत नाही.

जाहिराती कशाच्या असतात, हाही पालकांनी लक्ष घालावा असा विषय आहे. पहिल्या काही महिन्यांत रमीच्या जाहिराती धो धो येत. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, त्यानंतर त्या दिसेनाशा झाल्या आणि त्यांची जागा झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी घेतली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कर्जाची जाहिरात दाखवून कुणाचे भले होणार आहे ते मला उमगलेले नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातींचा आयडी काढून टाकता येतो. त्याने जाहिराती थांबत नाहीत, पण त्या आपला माग काढत मागे लागत नाहीत.

जाहिराती काढून टाकण्याचा पॅक अडीचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि तो मी चौथ्या-पाचव्या महिन्यात घेतला. सामन्यानंतरचे व्हिडिओ तत्क्षणी बंद झाले आणि त्याबरोबर फोन तापणेही कमी झाले, हा फायदा घेण्याआधी माझ्या ध्यानात आला नव्हता. मात्र चिलखताची जाहिरात तशीच राहते. पैसे भरलेल्यालाही चिलखत हवे असेल तर व्हिडिओ पाहावाच लागतो, आणि ही अट पॅकच्या वर्णनात अगदी शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात आहे. पुतण्याच्या मित्राने फोनमधले प्रायव्हेट डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी सेवा निवडायची सेटिंग) बदलून जाहिराती अडवण्याचा मार्ग धरला. व्हिडिओ थांबले खरे, पण त्याबरोबर त्याचे चिलखतही बंद झाले आणि चार-आठ दिवसांत त्याने सेटिंग पूर्ववत केली.

कुणी हा खेळ घ्यावा, असे विचारले तर मी सांगेन की मित्रांबरोबर अर्धा तास घालवायचा असेल, फोन सहा जीबी रॅमचा असेल आणि रँकची हाव नसेल तर खुशाल घ्यावा. पहिला महिना फुकट खेळून पाहावा आणि आवडला तर पॅकचे पैसे भरावेत, ते वाया जात नाहीत. चुरशीने, क्रमवारीसाठी खेळायचे असेल तर ज्यांत फक्त पोशाख आणि रंगरूप विकले जाते असे फुकट शूटर आज पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे वळावे. तिथे निदान गोळी सगळ्यांना सारखीच लागते. मी स्वतः पाचपैकी तीन तारे दिले आहेत. त्यांतला एक त्या गोदामाच्या नकाशासाठी आहे. रँकचे सामने मी सोडून दिले आहेत, आणि आमचा संघ आता खाजगी खोली उघडून आपसांतच दोन विरुद्ध दोन खेळतो, कारण तिथे चिलखत बंद ठेवण्याची सोय आहे.