ग्रीसवीझल व्ही४: कोकणातल्या बुरशी धरलेल्या फ्लॉपींसाठी

माळ्यावर किंवा संस्थेच्या कपाटात फ्लॉपींचा डबा पडून असेल, तर जुना फ्लॉपी ड्राइव्ह संगणकाला यूएसबीने जोडणारं हे छोटं सर्किट बोर्ड जरूर घ्यावं. साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त पीसीच्या ३.५ इंची फ्लॉपी वाचतो आणि सेक्टर (चकतीवरचा माहितीचा छोटा तुकडा) खराब निघाला की हात टेकतो. ग्रीसवीझल चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, फाइली त्यातून नंतर सावकाश काढता येतात. अमिगा या जुन्या घरगुती संगणकाच्या फ्लॉपीही यावर निघतात.

जुना ड्राइव्ह मात्र वेगळा मिळवावा लागतो. ३४ पिनांची रिबन केबल उलटी बसली की ड्राइव्हचा दिवा पेटलेलाच राहतो. लाल कड एक नंबरच्या पिनकडे हवी. ५.२५ इंची ड्राइव्हला ५ व्होल्टसोबत १२ व्होल्टही द्यावे लागतात.

आपल्याकडे खरा त्रास बुरशीचा. फ्लॉपी घालण्याआधी पत्र्याची झडप सरकवा आणि चकती बोटाने फिरवत उजेडात बघा. पांढुरके ठिपके दिसले तर तशीच घालू नका. ड्राइव्हचं हेड (चकती वाचणारा भाग) घासून चकतीवरचा थर खरवडतो, ती घाण हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरबाडली जाते. कवच उघडून चकती ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा, पूर्ण वाळवा आणि स्वच्छ कवचात घालून वाचा. ड्राइव्हचं हेडही पुसायचं, पण वरचं हेड उचलायचं नाही. त्याची नाजूक स्प्रिंग वाकते. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावं.

हे बोर्ड फ्लॉपीवर लिहूही शकतं, म्हणून ३.५ इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी आधी उघडी करा, म्हणजे तिच्यावर चुकून लिहिलं जाणार नाही. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर असेल तर फॉन्टही जपा, नाहीतर देवस्थानचे हिशेब उघडतील पण वाचता येणार नाहीत.

युक्रेनमधल्या मारिउपोलचं ‘क्लब ८-बिट’ हे खासगी संगणक संग्रहालय मार्च २०२२ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. पाचशेहून जास्त वस्तू गेल्या. एका छताखाली ठेवलेलं सगळं एकदम जातं, मग ते छत मारिउपोलचं असो की देवगडचं. म्हणून काढलेल्या प्रतीतली एक मुंबईच्या चाकरमान्याकडे त्याच दिवशी पाठवा.

उणिवा दोन. मूळ सॉफ्टवेअर मोफत आहे, पण ते कमांड टाइप करून चालवावं लागतं. आणि बोर्ड उघडंच येतं. खाऱ्या हवेत पिनांना गंज चढतो, तेव्हा काम झालं की सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.