चाखायला दिलेली बाटली वेगळी, विकलेली वेगळी

फ्रान्समधल्या लियोंमध्ये नऊ वर्षं राहते. इथून बर्गंडीतलं बोन गाव दीडेकशे किलोमीटरवर, आणि बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनचं वेड मला तिथल्याच तळघरांत लागलं. एवढं कळत असूनही फसले, त्याचा राग अजून जात नाही.

गेल्या वर्षी एका खाजगी विक्रेत्याकडून 'मर्सो-पेरिएर' या बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनच्या १२ बाटल्या घेतल्या. द्राक्षांच्या हंगामाचं साल २०१४, तिथल्या पांढऱ्या वाइनसाठी फार चांगलं. भाव बाजारापेक्षा कितीतरी कमी. वडिलांचं तळघर रिकामं करतोय, म्हणाला. चाखायची बाटली त्याने आधीच उघडून ठेवली होती. फिकट सोनेरी रंग, लिंबाची साल, भाजलेलं हेझलनट, मागे चकमकीच्या दगडाचा वास. ९०० युरो रोख दिले, पावती घेतली नाही.

घरी पहिली बाटली उघडली तर रंग जुन्या मधासारखा, वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा. फोनवर तो म्हणाला, बर्गंडीचा हा जुना रोगच आहे, तुमचं नशीब. रोग खरा आहे. १९९५-९६ च्या वाइनपासून वेळेआधीच ऑक्सिडेशन होऊन, म्हणजे हवा लागून, बाटल्या वाया जाण्याच्या तक्रारी आहेत. म्हणून मी गप्प बसले. पण तो रोग लहरी असतो. एका खोक्यातली एक बाटली जाते, शेजारची ठणठणीत निघते. मी एकापाठोपाठ उघडलेल्या चारही तशाच निघाल्या. मग बुचं नीट पाहिली: कडेने थेट वरपर्यंत वाइन झिरपल्याच्या रेषा, बुचावरच्या धातूच्या टोपणाखाली चिकट थर. न उघडलेल्या तीन बाटल्यांची बुचं किंचित वर सरकलेली. हे उष्णतेचं काम. १२-१३ अंशांच्या तळघरात असं होत नाही. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशीजवळ जातो, माल कुठेतरी गॅरेजमध्ये तापला असणार.

फ्रेंच कायद्यात लपलेल्या दोषासाठी खाजगी विक्रेत्यावरही दावा लावता येतो, दोष कळल्यापासून दोन वर्षांच्या आत. पण व्यवहार झाल्याचाच कागद माझ्याकडे नव्हता.

आता चाखायची बाटली खोक्यातून मी उचलते आणि समोर उघडायला लावते. बाकीच्या बाटल्या उजेडात धरून रंग आणि आतल्या वाइनची पातळी ताडून बघते. टोपण बोटाने फिरवते. चिकटून बसलं असेल तर गळतीची शंका घेते. मूळ खरेदीची पावतीही मागते.

त्याची जाहिरात परवा पुन्हा दिसली. या वेळी शाब्ली, बर्गंडीचीच दुसरी पांढरी वाइन, आहे, फोटोत तेच तळघर.